विड्यांचा कट्टा मोजणारं यंत्र : सोलापूरच्या पूर्व भागातलं एक प्रकरण

चिन्नी बारा वर्षांची. जन्मानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कावीळ वाढली आणि वेळेत उतरली नाही. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं द्रव्य, मेंदूपर्यंत पोचलं, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या बेसल गँग्लिया या भागाला इजा झाली. निदान डिस्कायनेटिक प्रकारच्या सेरेब्रल पाल्सीचं. हात, पाय, मान, चेहरा, सगळीकडे न बोलावता हालचाली येतात. आधाराशिवाय बसता येत नाही. बोलणं घरच्यांना कळतं, बाहेरच्यांना फार थोडं. ऐकू नीट येतं. या प्रकारच्या काविळीत कानालाही इजा होऊ शकते, म्हणून ती तपासणी आधीच करून घेतली होती. बुद्धी शाबूत. पाढे तिला पाठ आहेत हे शाळेला बऱ्याच उशिरा कळलं, कारण ते लिहून दाखवायला हात नाही आणि म्हणून दाखवायला जीभ साथ देत नाही.

चिन्नी हे तिचं खरं नाव नव्हे. तेलुगू घरात धाकट्या मुलीला लाडानं असंच म्हणतात, तेच इथं ठेवते. तिच्या आणि आईवडिलांच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे; रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करते. गल्लीत मला सगळे ‘थेरपीवाल्या मॅडम’ म्हणतात.

घर पूर्व भागात. खाली यंत्रमाग, वर दोन खोल्या. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर, आई घरी बसून विड्या वळते. सोबत अव्वा, म्हणजे आजी, आणि मोठा भाऊ. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी थोडी कानडी. सोलापुरात यात नवल काही नाही, पण संवादाचं कुठलंही साधन निवडताना हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं लागतं.

मोजमापाच्या भाषेत सांगायचं तर मोठ्या हालचालींच्या जीएमएफसीएस या पाच पायऱ्यांच्या मापात ती चौथ्या पायरीवर, आणि हाताच्या वापराच्या मॅक्स या मापातही चौथ्याच. म्हणजे सोप्या, तिच्यासाठी मांडून दिलेल्या वस्तूच तिला हाताळता येतात, त्याही मदतीनं. पण मला काळजी या आकड्यांची नव्हती. पहिल्या भेटीपासून एक गोष्ट खटकत होती. प्रश्न चिन्नीला विचारला की ती आईकडे बघायची आणि आई उत्तर द्यायची. समोर वस्तू ठेवली की आधी आईकडे, मग अव्वाकडे, आणि कुणीतरी वस्तू उचलून तिच्या हातात कोंबेपर्यंत ती थांबायची. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग मानसशास्त्र शिकलेल्यांना आठवत असतील. आपल्या हालचालीनं काहीच बदलत नाही असा अनुभव वारंवार आला की प्राणी सुटकेची वाट उघडी असतानाही प्रयत्न सोडून देतो. चिन्नीला कुणी त्रास देत नव्हतं, उलट घर तिच्यावर जीव टाकणारं होतं. पण तिच्या हालचालीनं काही बदलत नाही, हा अनुभव ते प्रेमही तिला रोज देत होतं.

‘मुलाच्या हातात टेक्नॉलॉजी द्या, आत्मविश्वास आपोआप येतो’ असं कार्यक्रमांमधून ऐकायला मिळतं. माझा त्यावर विश्वास नाही. वाटप झालेले टॅबलेट कपाटाच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकसकट, मी अनेक घरांत पाहिले आहेत.

बेल नको

पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेतली दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत माझ्याकडे आली होती. त्यांनी आणलेली कल्पना नीटस होती: चिन्नीनं मोठं बटण दाबलं की स्वयंपाकघरात बेल वाजेल आणि आई येईल. सर्किट सोपं, उपयोग दिसणारा, परीक्षकांना पटणारा.

चिन्नीनं मान फिरवली. नको. आम्ही कारण विचारत राहिलो. तिच्यासाठी मी एक पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पाटी केली आहे. तिच्या कडांना अक्षरं आणि शब्द चिकटवलेले आहेत, ती नजरेनं दाखवते आणि समोरचा पाटीपलीकडून नजर वाचतो. त्या पाटीवर आणि आईच्या मदतीनं जे निघालं ते असं: बेल वाजवली की सगळे धावत येऊन ‘काय पाहिजे’ विचारणार. मला काही पाहिजे नसतं.

मग काय करायचं, या प्रश्नावर तिनं आईच्या टोपलीकडे पाहिलं.

आई दिवसभर विड्या वळून टोपलीत टाकते आणि संध्याकाळी एका बैठकीत कट्टे बांधते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार, आणि मजुरी हजारावर. बांधताना शेजारीण येते, गप्पा होतात, मोजणी चुकते, मग खडूनं भिंतीवर रेघा. दुसऱ्या दिवशी माल कारखान्यात द्यायचा. तिथं तपासणारा माणूस काही विड्या छाट म्हणून बाजूला काढतो. किती दिल्या, किती छाटल्या, यावरून कुरबुर जुनीच आहे. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्यांवरच्या वादासाठी वेगळी तरतूद करावी लागली, यावरूनच ती किती जुनी आहे ते कळावं. चिन्नी खुर्चीत बसून हे सगळं वर्षानुवर्षं बघत होती. आईची मोजणी कुठं चुकते हे तिला कळत होतं, पण ते सांगेपर्यंत पुढचे दोन कट्टे बांधून व्हायचे.

तिला मोजायचं होतं.

माझ्या एका सहकारी बाईंनी इथं हरकत घेतली, आणि ती योग्यच होती. विडी वळणं हे काम बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्यातल्या मूळ यादीत, मुलांना मनाई असलेल्या कामांत पहिल्यापासून आहे. मुलीला त्या धंद्याला जोडायचं का? आम्ही बोलून तीन गोष्टी ठरवल्या. तंबाखू, पान, दोरा यांना ती हात लावणार नाही. तिची खुर्ची खिडकीपाशी, तंबाखूच्या धुळीपासून लांब राहील. आणि शाळेचा अभ्यास मोजणीच्या आधी. तरीही त्या बाईंचं पूर्ण समाधान झालं नाही. माझं झालं. घरात पैसे कसे येतात हे ज्या मुलीला माहीत आहे, तिला त्या हिशोबापासून दूर ठेवणं मला जास्त अपमानाचं वाटलं.

आधी बसणं

तंत्रज्ञानाचे प्रोजेक्ट करणारे उत्साही लोक हा भाग टाळतात, म्हणून थोडं थांबून सांगते. हात चालायचा असेल तर आधी कंबर बसली पाहिजे. चिन्नीकडे सरकारी योजनेतून मिळालेली सीपी चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खुर्ची होती, पण ती आता तिला लहान होत होती. पाय लोंबकळत होते, कंबर पुढे घसरत होती. पाय अधांतरी असले की शरीर सगळी शक्ती स्वतःला सावरण्यात घालवतं आणि हाताच्या वेड्यावाकड्या हालचाली वाढतात. गल्लीतल्या सुतारानं पायाखाली प्लायवुडची पेटी केली, मांड्यांच्या मध्ये गादी मारलेला ठोकळा बसवला आणि पोटाच्या आकाराची खाच घेतलेला टेबलाचा फळा करून दिला. कोपरं त्या फळ्यावर टेकू लागली. या एका बदलानं जेवढा फरक पडला तेवढा पुढच्या कुठल्याही तारेनं पडला नाही.

मग स्विच कुठं ठेवायचा. डिस्कायनेटिक मुलांच्या बाबतीत एक गोष्ट घरच्यांना आणि शिक्षकांना पुन्हापुन्हा सांगावी लागते: जितका प्रयत्न जास्त, तितक्या नको असलेल्या हालचाली जास्त. भावना उसळली, घाई झाली, कुणी ‘नीट लक्ष देऊन कर’ म्हटलं की हात आणखी उडतो. त्यामुळे जी हालचाल सहज येते ती शोधायची. उजवी मूठ, डोक्याची बाजू, गुडघा, डावी मूठ असं बघत गेलो. निवड तिनं केली: डाव्या मुठीची बाहेरची बाजू, फळ्यावरून घसरत बटणावर येणारी. मला गुडघा जास्त खात्रीचा वाटत होता. तिला हातच हवा होता. आकड्यांचा डिस्प्ले आधी उजवीकडे होता, तिकडे मान वळवली की डावा हात आखडायचा. तो समोर मध्यावर आणला.

बटण व्हिडिओ गेमच्या मशिनवर असतं तसं मोठं, गोल. आत साधा स्विच, आणि त्याच्या तारेला साडेतीन मिलिमीटरचा जॅक, जुन्या हेडफोनला असतो तो. दिव्यांगांसाठीच्या स्विचला जगभर हाच जॅक वापरतात, त्यामुळे उद्या हेच बटण एखाद्या खेळण्याला किंवा कॉम्प्युटरच्या माउसला जोडता येतं. परदेशी बनावटीचे असे स्विच हजारांच्या घरात जातात. आमचा दीड-दोनशे रुपयांत झाला, आणि मोडला तर भाऊ दुसरा करून देईल.

पुठ्ठ्यावरचा प्रोग्रॅम

यंत्राचा मेंदू म्हणून मायक्रो:बिट घेतला. बीबीसीनं २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटलेला हा छोटा बोर्ड. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर आणि नोंदी साठवण्याची सोय बोर्डावरच आली. बोर्ड दोन पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे वीज गेली तरी मोजणी बंद नाही. प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे ठोकळे ओढून, एकात एक अडकवून करायचा.

ओढून अडकवणं हेच चिन्नीला जमण्यासारखं नव्हतं. इथं पॉलिटेक्निकची मुलगी, जिला ती अक्का म्हणते, लॅपटॉपवर बसली आणि एक नियम केला: अक्काचे हात चिन्नीचे. चिन्नी सांगेल तेवढंच करायचं, ती चुकीचं सांगेल तर चुकीचंच करायचं, आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. चिन्नीनं आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचूनच उत्तरं दिली आहेत. तिला अक्काच्या भुवईवरून बरोबर ठोकळा ओळखता यायचा.

उपाय वडिलांनी काढला. कारखान्यात जॅकार्डच्या जुन्या कार्डांचा ढीग पडून होता. चादरीवरचा मोर किंवा फुलं जॅकार्डच्या मागावर याच भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी उठतात. भोक असेल तिथं हूक उचलला जातो, नसेल तिथं नाही. आता पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, म्हणून कार्डं रद्दीत. वडिलांनी ती घरी आणली, अक्कानं त्यांच्यावर एकेक ठोकळा मोठ्या अक्षरांत लिहिला: ‘बटण दाबलं तर’, ‘एक वाढव’, ‘दाखव’, ‘थांब’, ‘नाहीतर’. कार्डं फळ्यासमोर दोरीवर चिमट्यांनी टांगायची, चिन्नी नजरेनं क्रम सांगणार. पूर्ण क्रम लागल्यावर अक्का तो लॅपटॉपवर उतरवणार, पाठमोरी बसून. भुवईचा प्रश्न मिटला.

‘नाहीतर’ म्हणजे काय हे चिन्नीला अक्काकडून समजत नव्हतं. वडिलांनी जुनं कार्ड उजेडासमोर धरलं आणि तेलुगूत दोन वाक्यं बोलले. समजलं. या माणसानं आयुष्यभर जे चालवलं ते जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आणलं होतं, आणि पुढे चार्ल्स बॅबेजनं कॉम्प्युटरचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या आपल्या गणनयंत्रासाठी भोकांची कार्डं वापरायची ठरवली ती तिथूनच. पॉलिटेक्निकच्या मुलानं हे सांगितल्यावर वडील म्हणाले, “मग आमीबी कॉम्प्युटरच चालवलालो होतो की इतकी वर्षं.” तोवर ते मुलीच्या प्रोजेक्टकडे लांबून बघत होते. त्या दिवसापासून खुर्ची ओढून बसायला लागले.

दिव्यांग मुलांनी प्रोग्रॅम लिहिणं ही कल्पना आजची नाही. सेमूर पेपर्ट आणि सिल्व्हिया वीर यांनी १९७८ च्या सुमाराला अमेरिकेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांकडून लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोग्रॅम करून घेतले. त्यांचा रोख तेव्हाही हाच होता: मुलानं यंत्राला सांगायचं, यंत्रानं मुलाला नव्हे.

बझर

पहिलं यंत्र चाललं. आईनं कट्टा बांधला की चिन्नीनं बटण दाबायचं आणि आकडा एकानं वाढायचा. बोर्डावरच्या स्पीकरचा आवाज खालच्या मागांच्या खडखडाटात ऐकूच येईना, म्हणून चिन्नीनं मोठा बझर मागितला. बसवला. अव्वा दचकली, चिन्नी हसली.

मग आकडे फुगू लागले. आईचे बारा कट्टे, यंत्रावर सतरा. कधी बारावर बारा, कधी वीस. घरात सगळ्यांना कारण माहीत होतं: हिचा हात उडतो. चिन्नीनंही पाटीवर तेच दाखवलं. हात.

तांत्रिक बाजू थोडक्यात अशी. कुठल्याही बटणाची धातूची पट्टी टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, म्हणून प्रोग्रॅममध्ये पहिल्या स्पर्शानंतर वीस ते पन्नास मिलिसेकंद दुर्लक्ष करायला सांगतात. चिन्नीच्या हाताला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, म्हणून आम्ही दोन आकडे तिच्या ताब्यात दिले होते: किती वेळ दाबून धरलं तर ते दाबणं खरं मानायचं, आणि एकदा मोजल्यावर यंत्रानं किती वेळ झोपायचं. विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ नावाची फुकट सोय याच तत्त्वावर आहे. ज्यांच्या मुलांच्या हातून एकच अक्षर दहादा उमटतं त्यांनी ती एकदा चालू करून बघावी.

पॉलिटेक्निकच्या मुलाला उपाय पहिल्याच संध्याकाळी दिसला होता: झोप दहा सेकंदांची करा, दोन कट्ट्यांमध्ये तेवढा वेळ जातोच. त्यानं तो मला जिन्यात सांगितला, वर सांगितला नाही. याचं श्रेय त्याला. आठवडाभर यंत्र चुकत राहिलं. आई वैतागली, “मॅडम, तुमाला येत असंल तर सांगून टाका की, पोरगी रडलाली.” खरंच रडली होती. तिथं गप्प राहणं बरोबर होतं का, यावर आमच्या तिघांत वाद झाला. मी थांबण्याच्या बाजूची होते, आणि ठरवलं होतं की रडणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर सांगायचं.

सांगावं लागलं नाही. एका संध्याकाळी वीज गेली. खालचे माग थांबले. आई मेणबत्ती लावून कट्टे बांधत होती, यंत्र सेलवर चालू. त्या तासाभरात आकडा कधी नव्हे इतका चुकला. चिन्नीनं भावाला पाटी आणायला लावली आणि दाखवलं: माग बंद. चूक जास्त.

भावाला काही कळलं नाही. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा तिनं पुन्हा तेच दाखवलं, मग ‘बझर’, मग ‘काढ’. अक्कानं बझरची तार काढली. त्या संध्याकाळी आईचे जेवढे कट्टे तेवढाच आकडा.

झालं होतं ते असं. चिन्नीसारख्या मुलांना अचानक आवाजानं दचकायला होतं आणि दचकलं की सगळं अंग झटका देतं. बटण दाबलं, बझर वाजला, ती दचकली, हात पुन्हा बटणावर आपटला, बझर पुन्हा वाजला. माग चालू असताना बझर त्या गोंगाटात विरघळायचा, म्हणून चुका कमी. शांततेत तो अंगावर यायचा. आम्ही तिघंही शिकलेले, आणि आमच्यापैकी कुणाला हे दिसलं नव्हतं. मुलाचा दहा सेकंदांचा उपाय चालला असता, पण चिन्नी प्रत्येक कट्ट्याला दचकतच राहिली असती.

या प्रकरणातून मला जे सांगायचं आहे ते इथं आहे. जन्मापासून या मुलीनं एकच निदान ऐकलं होतं, चूक हिच्या हाताची. डॉक्टर तेच म्हणाले, शाळा तेच म्हणाली, ती स्वतःही तेच म्हणत होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा चूक तिच्या अंगाबाहेर सापडली, एका तारेत, आणि ती सापडवणारी ती होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरानं १९७७ मध्ये मांडलं की ‘मला जमतं’ या विश्वासाचा सगळ्यात भक्कम पाया म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव; शाबासकी आणि दुसऱ्यांची उदाहरणं त्यानंतर येतात. मी त्याला एवढंच जोडेन की यंत्र चालल्यापेक्षा, न चाललेलं यंत्र स्वतः चालवल्याचा अनुभव जास्त खोल जातो. म्हणून सगळं तयार करून मुलाच्या हाती देणारे प्रोजेक्ट मला अर्धेच वाटतात. बिघाड मुलाच्या वाट्याला आला पाहिजे, आणि तो सोसेल एवढाच आला पाहिजे. हे माप आधी ठरवता येत नाही, घरात बसून बघावं लागतं.

पुढे तिनं बझरच्या जागी आवाज मागितला. मेमरी कार्डवरचे आवाज वाजवणारा छोटा मॉड्यूल जोडला आणि भावानं तेलुगूत ‘ओकटी, रेंडू, मूडू’ असे आकडे हळू आवाजात भरून दिले. दाबण्यासाठीचा वेळ तिनं स्वतः वरखाली करून चार दशांश सेकंदांवर आणून ठेवला. थंडीत आखडलेपण वाढतं तेव्हा तो ती बदलायला सांगते.

“ही मलाच मोजलाली”

बटण जास्त वेळ दाबून धरलं की छाटाची नोंद, हा भाग तिनं नंतर वाढवला. आई कारखान्यातून आली की किती छाट ते सांगणार आणि चिन्नी ते भरणार. बोर्डावर दिवसाच्या नोंदी साठायला लागल्या. तो लॅपटॉपला जोडला की तक्ता आणि आलेख उघडतो. पॉलिटेक्निकच्या मुलानं उत्साहानं तो आलेख सगळ्या घरासमोर उघडला. कोणत्या दिवशी काम कमी झालं ते खड्ड्यांसारखं दिसत होतं. अव्वानं चष्मा लावून विचारलं, या दिवशी काय झालं होतं गं?

आई हसत म्हणाली, “बगा की मॅडम, ही मलाच मोजलाली.” हसणं पूर्ण हसणं नव्हतं. अर्धशिशीचे दिवस, माहेरी गेलेला दिवस, सगळं त्या रेघेत होतं. निर्णय चिन्नीचा होता, यंत्र तिचं. तिनं रोजची नोंद काढून आठवड्याची एकच बेरीज ठेवायला सांगितली. माहितीच्या गोपनीयतेवर मोठ्या माणसांची व्याख्यानं मी ऐकली आहेत, पण इतका झटपट आणि नेमका निर्णय क्वचित.

कारखान्यात आकड्याचा उपयोग झाला का? थोडा झाला. एकदा मोजणीत फरक आला तेव्हा आईनं “आमच्या पोरीच्या हिशोबात इतके आहेत” म्हणून पुन्हा मोजायला लावलं आणि आकडा चिन्नीचा बरोबर निघाला. दुसऱ्यांदा चिन्नीचा चुकला. ती टीव्हीवर मालिका बघत होती, दोन कट्टे सुटले. आई घरी येऊन तिला ओरडली, लक्ष कुठं असतं तुझं म्हणून. अव्वा मध्ये पडली, आजारी पोरीला कशाला बोलतीस. चिन्नीनं अव्वाला गप्प बसायची खूण केली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कामचुकारपणाबद्दल बोलणी बसली होती, आणि ती तिला हवी होती.

प्रदर्शन

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं थोडक्यात सांगते. फलकावर ‘दिव्यांगांसाठी सहाय्यक उपकरण’ लिहावं असं सुचवलं गेलं. चिन्नीनं ‘विडी कट्टा मोजणी यंत्र’ लिहायला लावलं. परीक्षक आले आणि त्यांनी प्रश्न वडिलांना विचारला. वडील तोंड उघडणार तोच यंत्रातून भावाचा आवाज आला, “मला विचारा.” हे वाक्य तिनं आदल्या दिवशी भरून घेतलं होतं. परीक्षक गोंधळले, मग वाकून तिला विचारू लागले. क्रमांक आला नाही, पण त्यानंतर वर्गशिक्षिका हजेरीच्या वेळी तिच्या नजरेची वाट बघू लागल्या.

मोजमाप

उद्दिष्टं आम्ही गोल अटेनमेंट स्केलिंगवर लिहिली होती. किरेसुक आणि शर्मन यांची १९६८ ची ही पद्धत, उणे दोन ते अधिक दोन अशा पाच पायऱ्या, शून्य म्हणजे ठरवलं तेवढं झालं. घरातला हिशोब स्वतः ठेवणं, हे तिचं स्वतःचं उद्दिष्ट, अधिक एकवर गेलं. प्रश्नाला स्वतः उत्तर देणं घरात शून्यावर आलं, म्हणजे ठरल्याप्रमाणे. शाळेत तेच उणे एकवर राहिलं. पाटी वाचायला वेळ लागतो, वर्गात मुलं पुष्कळ, आणि शिक्षिका एकट्या. लेखनिकाची सोय आणि परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळण्याची तरतूद आहे. पण लेखनिकाला तिची नजर वाचता यायला हवी, आणि त्याचा सराव अजून झालेला नाही.

शारीरिक बाजूनं काहीही बदललं नाही, ते अपेक्षितही नव्हतं. जेवण, अंघोळ, संडास यांत ती पूर्वीइतकीच आईवर अवलंबून आहे. स्वावलंबन म्हणजे सगळं स्वतःच्या हातानं करणं, असं मानलं तर हे प्रकरण फसलं म्हणावं लागेल. मी तसं मानत नाही. अंघोळ कधी, कुणी घालायची आणि पाणी किती गरम, हे आता चिन्नी ठरवते, आणि ही गोष्ट कुठल्याही यंत्राशिवाय झाली.

पॉलिटेक्निकची मुलं पास होऊन गेली. यंत्राचा सगळा प्रोग्रॅम कार्डांवर दोरीला टांगलेला आहे. भावाला तो समजतो, बोर्ड बदलावा लागला तर तो पुन्हा भरू शकेल. हे मुद्दाम बघितलं, कारण बाहेरची माणसं गेली की यंत्र बंद पडतं, हे अशा प्रोजेक्टचं नेहमीचं मरण आहे.

सध्या माझ्याकडे त्याच शाळेतला एक मुलगा आहे, ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजाराचा. त्याची अडचण उलट आहे: हालचाल नेमकी, पण ताकद दरवर्षी कमी होणारी. चिन्नीचं बटण त्याला जड जाईल, त्याला दाबावं न लागणारा, नुसत्या स्पर्शानं चालणारा स्विच लागेल, आणि तो जसजसा अशक्त होईल तसतसं सेटिंग बदलत न्यावं लागेल. त्याला क्रिकेटचा स्कोअरबोर्ड करायचा आहे, गल्लीतल्या सामन्यांचा. कार्डांचा दुसरा संच चिन्नीचे वडील कारखान्यातून आणणार आहेत.